झाकलेली तीट

माझे वडील तांबट होते. पुण्यातल्या पेठेत आमची आळी आहे. तिथे सकाळी चहाच्या आधी ठोकाठोक सुरू व्हायची आणि रविवारीही थांबायची नाही. आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. कुठलंही भांडं समोर आलं की अण्णा आधी त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारायचे, मग कान जवळ न्यायचे आणि मगच काय ते बोलायचे. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे सिंगापूरला आले, तेव्हा त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. टिचकी मात्र सुटली नव्हती. टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकच्या जिन्याचा कठडा, हॉकर सेंटरमधले जेवणाचे ट्रे, एमआरटीतले, म्हणजे इथल्या मेट्रोतले, उभे खांब, सगळं वाजवून झालं. "बद्द आहे रे इथलं सगळं," म्हणाले. जित्याची खोड, म्हणून मी हसून सोडून दिलं. पण ते खांब वाजवत होते तेव्हा शेजारची बाई जरा सरकून बसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हेही खरं आहे.

मी त्यांचा धंदा घेतला नाही. लहानपणी भात्यापाशी बसून पायाला चटके घेतले तेवढेच. पुढे धातूचंच शिकलो, पण हातोडीचं नाही. मी तुआसला एका छोट्या तपासणी कंपनीत आहे. जहाजांचे पाइप, व्हॉल्व्ह, दाबाच्या टाक्या आमच्याकडे येतात, आम्ही त्यांचे एक्स-रे काढतो आणि वेल्डिंगमध्ये आत कुठे भेग किंवा पोकळी आहे का ते सांगतो. घरापासून कामापर्यंत एकच हिरवी लाइन आहे, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जायला दीड तास लागतो. अण्णांना मी माझं काम समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे न कापता आतलं दिसतं?" मी हो म्हणालो. "मग वाजवायला नको," म्हणाले. ते खूश होऊन म्हणाले की नाराज होऊन, ते मला कळलं नाही.

त्या वर्षी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने, एका जहाज कंपनीच्या वयस्क मालकाने, आपला खाजगी संग्रह लोकांना पाहायला खुला केला होता. मध्ययुगातली इस्लामी मुलखांतली धातूची भांडी. पितळेची, चांदी ठोकून बसवलेली. आमच्या साहेबांना पास आले होते, त्यांनी मलाही चार दिले. म्हणाले, तुझे वडील याच कामातले ना, घेऊन ये. साहेब इथलेच, चिनी, मनाने चांगले. पण माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरण त्याच महिन्यात अडकलेलं होतं आणि अर्जावर सही साहेबांची लागणार होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला मी स्वतःशी कितीतरी दिवस हेच कारण देत होतो.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. बायकोला ऑफिसचं काम निघालं म्हणून मी, अण्णा आणि माझी तेरा वर्षांची मुलगी असे तिघेच. अण्णांनी धोतर नेसायचा हट्ट धरला नाही, पँट घातली, पण टोपी सोडली नाही. आत थंडगार, मिणमिणता उजेड आणि काचेच्या पेट्या. समया, ठाणवया, पाण्याच्या झाऱ्या, तस्तं, लेखणी ठेवायच्या लांबट डब्या. प्रत्येकीवर एक बोटभर जागा रिकामी सोडली असेल तर शपथ. शिकारीला निघालेले घोडेस्वार, वाजवणारे, पिणारे, ससे, बदकं आणि त्यांच्या मधून फिरणारी अक्षरांची पट्टी. पितळ पिवळं, अक्षर चांदीचं आणि मधल्या खाचांत काळा लेप. मला वाटलं होतं अण्णा पाच मिनिटांत कंटाळतील. ते एकेका पेटीपुढे मांडी घालून बसायच्या बेतात होते.

"चांदी चिकटवलेली नाही," ते मुलीला सांगत होते. "आधी पितळ कोरायचं. खाचेचे काठ आतून पोखरायचे, सुरीनं चिक्कूच्या सालीखाली जातो तसं. मग चांदीचा पत्रा ठेवून काठ वरून ठोकायचे. ते चांदीला धरून ठेवतात. सातशे वर्षं धरून ठेवतात."

"नो ग्लू?" मुलीने विचारलं.

"कशाला हवाय?" अण्णा म्हणाले. तिचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं अर्धं मराठी तिला, पण दोघांचं चांगलं जमायचं.

शेवटच्या दालनात मधोमध एकच पेटी होती. तिच्यात एक वाडगं होतं, दोन्ही ओंजळीत मावेल एवढं, बुटकं, बाहेरून फुगीर. पाटीवर लिहिलं होतं की ते इराण किंवा इराकच्या बाजूचं असावं, सातशे वर्षांपूर्वीचं, आणि संग्रहातल्या सर्वात सुंदर वस्तूंपैकी एक. चांदी काही ठिकाणी निघालेली होती. अण्णा पेटीपाशी गेले आणि थांबले. मग पेटीभोवती एक फेरी घातली. मग उलटी दुसरी. मी मुलीला अक्षरांचा अर्थ वाचून दाखवत होतो, तोही पाटीवर दिला होता. वैभव, यश, दीर्घायुष्य आणि आरोग्य लाभो याच्या मालकाला.

"हे माझं आहे," अण्णा म्हणाले.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. दालनातली सगळी माणसं वळली.

"अण्णा, हळू."

"हळूच बोलतोय. हे मी केलंय. तुझी ताई पोटात होती तेव्हा."

मग तिथेच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आळीत आला होता. त्याच्याजवळ एका फुटक्या वाडग्याचे तुकडे होते आणि फोटो होते. तो म्हणाला, मूळ फुटलं, त्याच्या जोडीला अखंड एक करून हवंय. दुसऱ्या कुणी हात लावायला तयार नव्हतं. अण्णांनी पितळेच्या एका पत्र्यातून ठोकून ठोकून ते वर उचललं, कोरलं. चांदी बसवायला व्यापाऱ्याने बिदरकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराला आणून ठेवलं होतं, त्यांना अण्णा चाचा म्हणत. दोघं चार महिने एका ओंडक्याच्या दोन बाजूंना बसले. आणि काम झालं, तेव्हा व्यापाऱ्याने चाचांच्या हातात सुरी दिली आणि सांगितलं, आता दहा-बारा ठिकाणची चांदी उपटून टाक. "का म्हणून विचारलं, तर म्हणाला, जुनं दिसलं पाहिजे," अण्णा म्हणाले. "चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. हे बघ, या घोड्याचा मागचा पाय. हा मी स्वतः काढला. चाचांचा हात उचलेना म्हणून."

घोड्याच्या मागच्या पायाला चांदी नव्हती. पण ती इतर शंभर ठिकाणीही नव्हती, सगळ्याच भांड्यांवर नव्हती. पाटीवर तर लिहिलंच होतं की पडत्या काळात लोक चांदी खरवडून नेत.

"अण्णा, हे सातशे वर्षांपूर्वीचं आहे," मी म्हणालो. "तुम्ही सातशे वर्षांचे आहात का?"

"पाटी लिहिणारा होता का तिथं?"

"आणि तुम्ही होता, याला पुरावा काय?"

हे मी विचारलं. माझ्याच तोंडचे शब्द आहेत, कुणी घातलेले नाहीत.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं मी खरंच विचारतोय. "तीट आहे की," ते म्हणाले.

इथे थांबून सांगायला हवं. अण्णांची एक सवय होती. भांडं मनासारखं, अगदी बिनखोट उतरलं, की ते त्याच्यावर कुठेतरी आडबाजूला ठोकणीने एक बारीक टिंब उठवायचे. गोऱ्यागोमट्या पोराच्या गालावर काजळाचं टिंब लावतात ना, दृष्ट लागू नये म्हणून, तसं. आळीतले लोक हसायचे. आई म्हणायची, पोरांना कधी लावली नाही ती तीट भांड्यांना लावतात. सगळ्याच भांड्यांना ते लावत नसत. वर्षाकाठी एखाद्याला.

"याला कुठे लावलीय?" मी विचारलं.

"बुडाला. पण व्यापाऱ्याला दिसली असती तर बोंबलला असता. म्हणून आधी तीट दिली आणि मग खालून दुसऱ्या पत्र्याचा पाया बसवून डाख लावला. दोन पत्र्यांच्या मध्ये आहे ती. हा घोडा समोर धरलास की मध्यापासून बोटभर डावीकडं."

"म्हणजे कुणाला दिसणारच नाही. छान."

"तुला दिसेल," अण्णा म्हणाले. "तू तर आतलं बघतोस ना? घे तुझ्या मशीनमध्ये आणि बघ."

मला हसू आलं. खरं म्हणजे हसू आलं नव्हतं, मी हसलो. कारण तेवढ्यात साहेब आमच्याकडे येत होते आणि त्यांच्यासोबत त्या जहाज कंपनीची दोन माणसं होती. साहेबांनी अण्णांना नमस्कार केला, त्यांना कुणीतरी शिकवला होता, आणि मला विचारलं, अंकल काय म्हणतायत एवढ्या जोरात?

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी साहेबांना इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतायत फार सुंदर काम आहे. त्यांना हे सगळ्यात आवडलं."

साहेब हसले, ती दोन माणसंही हसली. त्यांच्यातला एक म्हणाला, अंकलना पारख आहे. अण्णांना वाटलं, मी सांगितलं आणि त्यांना पटलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि तिघांनाही एकेक करून हात जोडले. त्या वेळी त्यांचा चेहरा जसा होता तसा मी आयुष्यात दोनदाच पाहिला, ताईच्या लग्नात आणि तिथे.

ते गेल्यावर अण्णांनी वाडग्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे काय लिहिलंय रे शेवटी? चाचा नुसतं म्हणायचे, दुआ आहे. चार महिने ठोकलं, पण दुआ काय ते विचारायचं राहिलं."

मी अर्थ सांगितला. मालकाला वैभव, मालकाला दीर्घायुष्य.

"करणाऱ्याला काही नाही?"

"नाही."

"बरं," अण्णा म्हणाले.

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली. अण्णा खुशीत होते, पुण्याला गेल्यावर कुणाकुणाला सांगायचं ते मनात मांडत होते. तेव्हा माझी मुलगी त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि आपल्या मोडक्या मराठीत, सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आजोबा, पप्पानी नाही सांगितला. पप्पा बोलला तुम्हाला ते आवडला फक्त."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती इथल्या पोरांच्या ढंगात मला म्हणाली, "इट्स ट्रू, वॉट." तिचं काय चुकलं? काहीच नाही.

टॅम्पिनीस येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर जेवले, पानातलं सगळं संपवलं, आणि झोपताना मला हाक मारून म्हणाले, "तुझं बरोबर आहे. साहेबासमोर असलं काही बोलू नये माणसानं." त्यांनी चिडायला हवं होतं. आरडाओरडा झाला असता तर मीही आवाज चढवला असता आणि फिट्टंफाट झाली असती. मी तापट, तेही तापट, पण त्या दिवशी ते तापलेच नाहीत.

पुण्याला परतल्यावर ते ताईकडे राहिले. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यांना ऐकू काही जायचं नाही, ते मोबाइल तोंडासमोर धरून आपलंच बोलायचे आणि एक प्रश्न ठरलेला असायचा. "बघितलंस का मशीनमध्ये?" मी हातानेच खूण करायचो, बघू. ताई मागून म्हणायची, अरे, खोटं तरी सांग की एकदा, बघितलं म्हणून. मला ते पटायचं नाही. तपासणीवाला माणूस मी, न बघता कसं सांगू. एवढी तत्त्वनिष्ठा माझ्यात कुठून आली होती कुणास ठाऊक. साहेबांपुढे तर नव्हती.

अकरा महिन्यांनी ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं ताई म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. त्यांच्या उशाशी ताईने त्यांची लहान हातोडी ठेवली होती. तिच्या दांड्याला डाव्या हाताच्या अंगठ्याने पडलेला खळगा होता. अण्णा डावखुरे होते.

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला एक पेटी तुआसला आमच्याकडे आली. लाकडी, आत फोम, सोबत त्या संग्रहाकडची एक बाई. वाडगं बाहेरदेशी प्रदर्शनाला पाठवायचं होतं आणि पाठवण्याआधी विमा कंपनीला खात्री हवी होती की धातूत भेग नाही. साहेबांनी काम मला दिलं. म्हणाले, तुमच्या घरातलं आहे ना पितळ, तू कर.

हातमोजे घालून मी ते उचललं. अंदाजापेक्षा हलकं होतं. मी त्याला एक्स-रेच्या खोलीत ठेवलं, शिशाचं दार लावलं आणि बाहेर येऊन पडद्यासमोर बसलो. ती बाई माझ्या शेजारी. आधी बाजूने फोटो घेतला. चांदी पितळेपेक्षा दाट, त्यामुळे घोडेस्वार आणि अक्षरं पडद्यावर पांढरीशुभ्र आली, आणि त्यांच्या मागे हातोडीच्या खुणा. आमच्याकडे त्याला मठार म्हणतात, ओळीने पडलेले हातोडीचे ठसे. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या ओळी एका बाजूला कलतात. या दुसऱ्या बाजूला कलल्या होत्या. लहानपणी घरातल्या प्रत्येक घागरीवर मी त्या तशाच पाहिल्या होत्या आणि मला वाटायचं, सगळ्या जगात त्या तशाच असतात.

मी आत जाऊन, तो घोडा समोर येईल असं वाडगं फिरवून ठेवलं आणि वरून, थेट बुडावर फोटो घेतला.

मध्यापासून बोटभर डावीकडे एक टिंब होतं. काळं, गोल, मोहरीएवढं.

बाईने विचारलं, हे काय, गंज आहे का? मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, नाही, गंज नाही. ती म्हणाली, मग दोष? आणि मी नाही म्हणून मान हलवली. मला तिथे बसून रडावंसं वाटत होतं आणि त्या बाईला वाटलं असेल की वाडगं फुटलं, कारण ती घाबरीघुबरी झाली. मी तिला समजावलं की भांडं धडधाकट आहे. ती फोन करायला बाहेर गेली. तेवढ्यात मी आत गेलो, एका हाताचा मोजा काढला आणि वाडग्याला बोटाच्या पेराने टिचकी मारली. तपासणीच्या कुठल्याच नियमात हे बसत नाही. आवाज बराच वेळ टिकला. बद्द नव्हता.

आता अहवाल लिहायचा होता. विचारलं होतं तेवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. भेग नाही, जाडी अमुक, पाया नंतर जोडलेला. वय कुणी विचारलंच नव्हतं. आणि गप्प राहण्यात अण्णांचंच भलं होतं, कारण गप्प राहिलो असतो तर ते वाडगं काचेत राहिलं असतं, परदेशी गेलं असतं, माणसं त्याच्याभोवती फेऱ्या घालत राहिली असती. खरं लिहिलं तर ते नकली ठरणार. अण्णांच्या हातून उतरलेली सगळ्यात चांगली वस्तू, आणि तिला मी माझ्या सहीने नकली म्हणवून घेणार. दोन दिवस मी तो कागद उघडायचो आणि मिटायचो.

आमच्या अहवालात शेवटी एक रकाना असतो, आढळलेल्या खुणा आणि त्यांचं कारण. तिसऱ्या दिवशी मी त्यात लिहिलं. बुडाला दोन पत्र्यांच्या मध्ये एक टिंब. दोष नाही. कारागिराने मुद्दाम उठवलेलं. कारागीर माझे वडील. पुढे त्यांचं पूर्ण नाव, गाव, आणि त्यांनी मला सांगितलेली हकिकत. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यू शुअर, आह?" मी म्हणालो, शुअर. ते म्हणाले, त्या दिवशी अंकल हेच सांगत होते का? मी हो म्हणालो. साहेबांनी सही केली. माझा पास तोवर दोन वर्षांसाठी वाढून आलेला होता, तेव्हा याला कुणी धैर्य समजू नये. बैल गेला नि झोपा केला, एवढंच.

संग्रहवाल्यांनी वाडगं दुसरीकडेही तपासून घेतलं. पाया जोडणारा डाख आजकालचा निघाला. परदेशवारी रद्द झाली. मधली पेटी रिकामी झाली आणि काही दिवसांनी तिच्यात एक ठाणवई आली. मी मेल करून विचारलं, वाडग्याचं काय केलंत? उत्तर आलं, ते आता अभ्यासाच्या विभागात, नकला कशा ओळखाव्यात याच्या मांडणीत ठेवलं आहे, जरूर बघायला या.

मधल्या काळात मी लायब्ररीतून या कामावरची दोन जाड पुस्तकं आणून वाचली. त्यांत होतं की जुन्या काळी इराकातल्या मोसुलकडच्या काही कारागिरांनी भांड्यांवर आपली नावं कोरली आहेत, अमक्याने केलं, तमक्या गावच्याने केलं. पण ते थोडे. बाकी हजारो भांडी नुसती मालकाला आशीर्वाद देतात. मालकाचंही नाव नसतं, ज्याच्या हाती असेल तो मालक. अण्णांना हे सांगायला हवं होतं. तुमच्यासारखे पुष्कळ होते, अण्णा, असं.

मी मुलीला घेऊन गेलो. ती आता पंधरा वर्षांची, माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. तळमजल्यावर, प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या बोळात एक उथळ पेटी होती. तिच्यात चार नकली वस्तू, आणि डावीकडून तिसरं ते आमचं वाडगं. उजेड वरून पांढरा, दुकानातल्यासारखा. शेजारी माझाच एक्स-रे छापून लावला होता आणि टिंबाभोवती लाल गोल काढला होता. खाली पाटी. नक्कल, भारत, विसावं शतक. कारागीर अज्ञात.

मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "बट यू टोल्ड देम."

घरी येऊन मी मेल लिहिली. सगळं पुन्हा लिहिलं, नाव पुन्हा लिहिलं, डावा हात, मठार, तीट. आठवड्याने उत्तर आलं, अतिशय सभ्य. आपल्या वडिलांबद्दल वाचून आनंद झाला. मात्र पाटीवर नाव देण्यासाठी काही पुरावा लागेल, एखादा कागद, फोटो, त्या काळची नोंद. असल्यास कृपया पाठवावा.

मी ताईला फोन केला. तिने दोन दिवस ट्रंका उपसल्या. कागद नव्हता. अण्णा आणि कागद यांचा कधी संबंध आला नाही. चाचा कधीच गेलेले, तो व्यापारी कुठला कोण ते कुणालाच माहीत नाही, आणि डावखुरे तांबट आळीत अजून दोन होते. टिंबाची जागा अण्णांनी आधीच सांगितली होती, याला साक्षीदार दोन. एक मी, ज्याने त्या दिवशी साहेबांना वेगळंच सांगितलं. दुसरी माझी मुलगी. तिने स्वतःहून एक पानभर पत्र लिहून पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

मी अजून अधूनमधून जातो. शनिवारी दुपारी एकटाच. मागच्या वेळी पेटीसमोर एक तरुण जोडपं उभं होतं, ते लाल गोलाकडे बघून हसत होते, बघ कसा पकडला गेला बिचारा. मला राहवलं नाही. मी म्हणालो, हे माझ्या वडिलांनी केलंय. इंग्रजीत म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण कोपऱ्यातला रखवालदार उठून आला. माझ्याच वयाचा, मलय माणूस होता. जोडपं बाजूला सरकलं. त्याने माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

"ओके लाह, अंकल," तो म्हणाला. "युअर फादर. ओके. व्हेरी नाइस."

तो वाईट बोलला नाही. मी अण्णांना ज्या आवाजात 'अण्णा, हळू' म्हणालो होतो, त्याच आवाजात तो बोलला. मी त्याला थँक यू म्हणालो आणि बाहेर येऊन गाडी पकडली.